‘येतो’ या शब्दाचे ऋण

(कोकण किनाऱ्यावरील पदभ्रमंती या विषयावर एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय कळवला तो ‘रेवस ते रेडी : पायी कोकण’ असा. तो ऐकून आपणांपैकी काहींची अशी समजूत झाली असेल की, आज एखादा साहसी भटक्या आपल्यासमोर उभा राहील आणि सुळके, कडे, वादळे यांच्या चित्तथरारक कथा सांगेल. त्या सर्वांची मी आरंभीच क्षमा मागतो. मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. आयुष्यभर शेतीकर्जाची प्रकरणे तपासली. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवाय या संपूर्ण प्रवासात मी एकही रात्र उघड्यावर काढली नाही. चौतीस दिवसांत सुमारे पाचशे किलोमीटर चाललो आणि जवळजवळ प्रत्येक रात्री कोणाच्या ना कोणाच्या घरात, सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर, पांघरूण घेऊन झोपलो. तेव्हा हे व्याख्यान समुद्रापेक्षा त्या घरांविषयीचे आहे, असे समजावे.

मी मूळचा देशावरचा, वाईकडचा. समुद्र प्रथम पाहिला तो दापोलीच्या कृषी महाविद्यालयात शिकायला गेलो तेव्हा. वसतिगृहात माझ्याबरोबर किनाऱ्यावरच्या गावांतून आलेली नऊ मुले होती. कोणी चौलचा, कोणी श्रीवर्धनचा, कोणी आंजर्ल्याचा, कोणी थेट शिरोड्याचा. कोणाची पोफळीची बाग, कोणाची हापूसची कलमे, तर कोणाच्या घरी होडी. १९८१ साली आम्ही पदव्या घेऊन निघालो, त्या शेवटच्या रात्री असे ठरले की, नोकरी लागल्यावर मिळेल त्या पहिल्या रजेत रेवसहून चालायला निघायचे आणि प्रत्येकाच्या घरी एकेक मुक्काम करत रेडीपर्यंत जायचे. नऊही जणांनी मला आपापल्या घरचे आवतण दिले. प्रत्येकाला मी एकच उत्तर दिले, ‘येतो’.

ती पहिली रजा यायला बेचाळीस वर्षे लागली. आधी यवतमाळ, मग परभणी, मग मुलांची शिक्षणे, मग आईचे आजारपण. ही कारणे खोटी नव्हती. पण मध्यंतरीच्या काळात मी सहकुटुंब अनेकदा कोकणात गेलो होतो, हेही तितकेच खरे आहे. गणपतीपुळ्याला गेलो, तारकर्लीला गेलो. जाताना मित्रांच्या गावांच्या फाट्यांवरून गाडी गेली आणि आम्ही हॉटेलात उतरलो. ‘त्यांना उगाच त्रास नको’, असे मी पत्नीला म्हणालो होतो. या वाक्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

तिथी पाहून येणारा अतिथी

१८ डिसेंबर २०२३, चंपाषष्ठीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो आणि चालायला लागलो. पाठीवरच्या सॅकचे वजन सात किलो. दोन जोड कपडे, पंचा, औषधे, विजेरी, एक वही आणि पंचांग. पंचांगाचे नाव ऐकून काहींना हसू येईल, पण किनाऱ्याने चालणाऱ्याचे ते वेळापत्रक आहे. भरतीच्या वेळी पाणी वर येते, मऊ कोरड्या वाळूतून चालावे लागते आणि पाऊल घोट्यापर्यंत रुतते. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि तिच्यावरून माणूस रस्त्यासारखा चालतो. ही वेळ कशी ओळखायची? कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. तेथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी फार वर चढते आणि फार खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा समुद्र आटोपशीर वागतो.

आपल्याकडे अतिथी शब्दाची फोड करताना ज्याला तिथी नाही तो, असे सांगतात. मी मात्र तिथी पाहिल्यावाचून पाऊल टाकू न शकणारा अतिथी होतो. आणि ज्या दिवशी तिथी नीट पाहिली नाही, त्या दिवशी फजिती झाली. ती दुसऱ्याच दिवशी झाली.

चौलच्या मित्राला मी ‘दुपारी एकला जेवायला पोहोचतो’ असे कळवले होते. सकाळी अलिबागहून निघालो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, म्हणून सहज गेलो आणि रमलो. बाहेर पडेपर्यंत बारा वाजून गेले होते. पाणी चढू लागले, मी मऊ वाळूत रेटत राहिलो, आक्षीच्या खाडीशी रस्त्याकडे वळावे लागले. चौलच्या वाडीत पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. मोबाइल सॅकच्या तळाशी, बंद. घरात कोणीही जेवले नव्हते. मित्राची आई, वय शहाऐंशी, ओटीवर पाटावर बसली होती. मधुमेह असूनही ती थांबली होती. मी ओशाळून काही बोलणार तोच त्या माउलीने विचारले, ‘पायाला फोड आलेत का रे?’ आणि सुनेला हाक मारून खोबरेल तेल आणायला सांगितले.

त्या संध्याकाळी मला उमगले की, मी पाचशे किलोमीटर चालण्याची तयारी केली होती, पण कोणाच्या घरी जाण्याची तयारी केलीच नव्हती. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानण्याची आज्ञा केली, ती आपण शाळेपासून ऐकत आलो. ती आज्ञा यजमानाला आहे. ज्याला देव मानले जाते, त्याचेही काही कर्तव्य असेल, याचा विचार आपण क्वचित करतो.

घर आणि घरातल्या स्त्रिया

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आतिथ्याचे गोडवे आपण पुरुष मंडळी गातो. ओटीवर गप्पा आपण मारतो. पहाटे उठून चूल किंवा शेगडी पेटवते ती घरची लक्ष्मी. पाहुणा आला की तिच्या दिवसाला आणखी दोन तास जोडले जातात. चौलच्या वहिनींचा दिवस मी पाहिला. सासूबाईंचे पथ्यपाणी, गोठ्यातली एक म्हैस, वाडी शिंपायची आणि त्यात मी. तेव्हापासून मी स्वतःपुरते काही नियम केले. आदल्या दिवशी कळवायचे आणि वेळ पाळायची. घरात जे शिजले असेल तेच खायचे. स्वतःचे ताट आणि कपडे स्वतः धुवायचे. घरातल्या वृद्ध माणसाजवळ तासभर तरी बसायचे. आग्रह झाला तरी एकाच रात्रीनंतर निघायचे. घराला आपली गरज असेल तरच अधिक राहायचे. आणि पुढच्या मुक्कामी पोहोचलो की त्या घरी फोन करून नव्हे, पोस्टकार्ड लिहून कळवायचे. आजही घरोघरी पोस्टमन येतो, आणि कार्ड आले की वृद्ध माणसे ते चार वेळा वाचतात.

कार्यकर्त्याच्या घरी उतरणे, मिळेल ते खाणे, मिळेल तेथे पथारी टाकणे ही गोष्ट या सभागृहातल्या अनेकांना नवी नाही. आपल्या समाजातही ही रीत जुनी आहे. कोकणातून घाट चढून पुण्याला शिकायला गेलेल्या किती मुलांनी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवून विद्या मिळवली! दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी भर पावसात मुरुडहून साताऱ्याला पायी गेले होते. तेथे पोहोचल्यावर, वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे तेच महर्षी झाले. महाराष्ट्राची मोठी माणसे घडली, त्यात शाळांचा वाटा आहे, तसा अनोळखी घरांतल्या पंक्तींचाही आहे. ते ऋण कोठे नोंदलेले नसते, एवढेच.

वादळानंतरची वाडी

मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूने आगरदांड्याला पोहोचलो, तरीने दिघीला उतरलो आणि दिवेआगरमार्गे श्रीवर्धनला गेलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच भागात किनाऱ्यावर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाचा वारा. शहरातल्या आपल्याला ती बातमी दोन दिवस पुरली. श्रीवर्धनच्या माझ्या मित्राला ती अजून पुरते आहे.

श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात मान आहे. पोफळीची बाग म्हणजे नाजूक प्रकरण. सडपातळ उंच झाड, वर माडांची सावली, खाली आळ्यांतले पाणी. सगळी झाडे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. माड पडला की तो चार पोफळी घेऊन पडतो, आणि सावली गेली की उरलेल्यांची सालेही उन्हाने करपतात. मित्राच्या बागेतली तीन चतुर्थांश झाडे काही तासांत आडवी झाली. आजोबांनी लावलेली, वडिलांनी शिंपलेली. मी आयुष्यभर शेतीकर्ज दिले, म्हणून मला हिशेब लगेच दिसतो. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, माडालाही जवळपास तेवढीच. मित्राचे वय तेव्हा एकसष्ट होते. भरपाई मिळाली ती पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्यातच बरीचशी खर्ची पडली. तरी त्याने त्याच पावसाळ्यात पुन्हा रोपे लावली. सावलीसाठी मध्ये केळी घातल्या. मला नवी वाडी दाखवताना तो खेद व्यक्त करत नव्हता, कोणत्या रोपाला पाने किती आली ते सांगत होता. मुलगा पनवेलला नोकरीला आहे, तो परत येईल की नाही, हे त्याला ठाऊक नाही. मी विचारले, ‘मग कोणासाठी?’ तो म्हणाला, ‘अरे, वाडी मोकळी कशी ठेवायची?’ यापेक्षा मोठे उत्तर मला कोणाकडून मिळाले नाही.

पुढे हरिहरेश्वर. तेथे पोहोचलो तो दत्तजयंतीचा दिवस होता, २६ डिसेंबर. पौर्णिमा, भर दुपारची वेळ, त्यामुळे उधाणाचे पाणी प्रदक्षिणेच्या वाटेवर आदळत होते आणि वाट बंद होती. देवाच्या दारातही तिथी पाहूनच जावे लागते, हे त्या दिवशी पुन्हा पटले. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर प्रदक्षिणा झाली.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून तरीने सावित्रीची खाडी ओलांडली. पलीकडे वेसवीच्या धक्क्यावर आमचा एक वर्गमित्र उभा होता. बाणकोटकडचा कोकणी मुसलमान. बरीच वर्षे आखातात काढून आता गावी परतला आहे. मी शाकाहारी, म्हणून त्याच्या घरी माझ्यासाठी नवी कोरी भांडी आणून ठेवली होती. मला संकोच वाटला. तो म्हणाला, ‘वसतिगृहात तू माझ्या रोजांच्या दिवसांत पहाटे चहा करून द्यायचास, ते विसरलास काय?’ मी खरोखरच विसरलो होतो. आपण केलेले आपण विसरावे आणि दुसऱ्याने केलेले त्याने लक्षात ठेवावे, अशा घरांत मैत्री टिकते.

तेथून वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. २००२ पासून येथे सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू झाले. कासवाच्या मादीने वाळूत घातलेली अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि माणसांपासूनही जपायची, सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर आली की ती समुद्राकडे सोडायची. ते पाहायला दूरदूरची माणसे येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. पैसे देऊन, पण घरातच. त्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्या गावात आपले कोणी नाही, तेथे घरच्या बाईच्या कष्टांचा मोबदला रोख देणे हाच प्रामाणिकपणा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जेथे आपले माणूस आहे, तेथेही आपण पैसे देऊन परके होऊ पाहतो, ती.

आंजर्ले

बंधुभगिनींनो, आता मी ज्याच्यासाठी हे व्याख्यान स्वीकारले, तेथे आलो आहे.

केळशी, आडे, पाडले ही गावे मागे टाकली की आंजर्ले येते. कड्यावरच्या गणपतीमुळे आपणांपैकी बहुतेकांना ते माहीत असेल. तेथील माझा मित्र हा त्या नऊ जणांतला सर्वांत जवळचा. वसतिगृहात माझ्या खाटेशेजारी त्याची खाट. देशावरून आलेल्या मला समुद्रात पोहायला त्यानेच शिकवले.

वादळानंतर त्या भागात वीज आणि फोन बरेच दिवस बंद होते. जूनअखेर कधीतरी त्याचा फोन लागला. मी विचारले, ‘किती पैसे पाठवू?’ तो म्हणाला, ‘पैसे नकोत. तू ये. एकट्याला वाडीत जाववत नाही. दोघे मिळून हिंडू.’ मी म्हणालो, ‘येतो.’ त्या वेळी टाळेबंदी होती, प्रवासाला परवाना लागत होता, हे खरे. पण दिवाळीच्या सुमारास वाटा मोकळ्या झाल्या होत्या. मी गेलो नाही. मी निवृत्त होतो, धडधाकट होतो, पुण्याहून आंजर्ले एका दिवसाच्या वाटेवर आहे. तरी गेलो नाही. जुलैमध्ये मी त्याच्या खात्यात पंचवीस हजार रुपये जमा केले होते आणि मन शांत झाले होते. मदत पोहोचली, आता भेट काय, सावकाश होईल!

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला.

त्याच्या अंगणात मी २९ डिसेंबर २०२३ रोजी पाऊल टाकले. माझ्या ‘येतो’नंतर साडेतीन वर्षांनी. वहिनी मागील दारी झाप विणत होत्या. त्यांनी मला ओळखले. पाय धुवायला पाणी दिले, चहा दिला. मग म्हणाल्या, ‘चला, वाडी बघायची होती ना?’ आम्ही वाडीत गेलो. जुने माड मोजके उरले होते. एका कडेला कंबरेएवढी, छातीएवढी नवी झाडे होती. वहिनी म्हणाल्या, ‘ही तुमच्या पैशांची.’ मी गप्प राहिलो. काही वेळाने त्याच, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘तुमचे पैसे आले, त्या दिवशी हे म्हणाले होते, आता तो यायचा नाही.’

मी आपणांस काय सांगू? त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. माझ्या मित्राने मला माझ्यापेक्षा अधिक ओळखले होते. मी पैसे पाठवले ते त्याला मदत म्हणून, अशी माझी समजूत होती. त्याने जाणले की, हे न येण्याचे पैसे आहेत.

आपण मराठी माणसे कोणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ मानतो. ‘येतो’ म्हणतो. लहानपणापासून आई-आजी आपल्याला तसे वळण लावतात. हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की, ते वचन आहे, याचे भान राहत नाही. ज्याच्या दारात तो शब्द उच्चारला जातो, तो माणूस मात्र तो शब्द धरून बसलेला असतो. मी रोज कर्जाची वसुली केली, थकबाकीच्या याद्या केल्या, लोकांना नोटिसा पाठवल्या. माझ्या नावावर नऊ घरांची थकबाकी बेचाळीस वर्षे पडून होती, ती मला दिसली नाही.

‘एकाच रात्रीनंतर निघायचे’ हा माझा नियम मी आंजर्ल्याला मोडला. चार दिवस राहिलो. फार काही केले नाही. नव्या झाडांची आळी नीट केली, पालापाचोळा भरला, सकाळ-संध्याकाळ वाडी शिंपली. संध्याकाळी वहिनी मित्राच्या गोष्टी सांगत, मी वसतिगृहातल्या सांगे. त्यांच्या धाकट्या मुलाला वडील विद्यार्थिदशेत कसे होते, हे ठाऊक नव्हते. ते सांगू शकणारा त्याच्या ओळखीत आता मीच होतो. पाहुण्याने घराला काय द्यावे, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. मिठाईचा पुडा द्यावाच, पण त्या घराच्या माणसाविषयी आपल्याजवळ जे आहे, ते द्यावे. ते दुसऱ्या कोणाकडून मिळणार नसते.

निघताना मला तो शब्द उच्चारवेना. सॅक पाठीवर टाकली आणि मी नुसताच उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, ‘येतो म्हणा.’ मी म्हणालो. त्यानंतर आजवर मी तेथे चार वेळा गेलो आहे.

बंद घराची ओटी

पुढची वाट मी थोडक्यात सांगतो. हर्णै, मुरुड, कोळथरे करत दाभोळ, तेथून तरीने धोपावे, मग गुहागर. हेदवी, तवसाळ, पुन्हा तर, जयगड. मालगुंड, रत्नागिरी, पावस, पूर्णगड. जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना पाहिले गेलेले रेवस-रेडी सागरी महामार्गाचे स्वप्न आता पुलांच्या रूपाने उभे राहू लागले आहे. मोठ्या खाड्यांवर पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. ते व्हायलाच हवेत. खाडीपलीकडच्या दवाखान्यात बाळंतिणीला नेण्यासाठी ज्यांनी तर सुटण्याची वाट पाहिली आहे, त्यांना पुलाचे मोल सांगावे लागत नाही. मात्र पूल झाल्यावर आपल्या गाड्या त्या गावांच्या आणखी वेगाने बाहेरून जातील, हे आपण ध्यानात ठेवावे.

नऊ घरांपैकी तीन घरे नांदती होती, मुले-सुना-नातवंडांसह. चार घरांत केवळ वयस्कर माणसे होती. दोन घरांना कुलूप होते. त्यांपैकी एक गुहागर तालुक्यातले. मित्र मुलाकडे बंगळुरूला राहतो. त्याने शेजाऱ्यांना फोन केला आणि म्हणाला, ‘माझ्या घरी पाहुणा येतो आहे.’ शेजाऱ्यांनी कुलूप काढले, ओटी झाडली, जेवायला कुळथाचे पिठले आणि भात आणून दिला. तिन्हीसांजेला शेजारच्या आजी आल्या आणि त्यांनी आतल्या देवांपुढे निरांजन लावले. ते काम त्या रोज करतात. मालक दूर आहे, पण देव उपाशी आणि अंधारात राहू नयेत, म्हणून. मी त्या रिकाम्या घराच्या ओटीवर झोपलो. यजमान शेकडो कोस दूर असताना त्याच्या वतीने अख्खी वाडी यजमान झाली होती. सकाळी निघताना कोणाला ‘येतो’ म्हणायचे, ते कळेना. मग शेजारच्या आजींना म्हणालो.

शेवटचा मुक्काम शिरोड्याला. वि. स. खांडेकरांनी जेथे शिक्षक म्हणून उमेदीची वर्षे घालवली, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, ते हे गाव. तेथल्या मित्राने माझ्या सॅकचे वजन करून पाहिले. निघताना सात किलो होती, ती आता अकरा किलो भरली. आमसुले, कुळीथ, बेडी सुपारी, काजू, एका आजींनी शिवलेली गोधडी. कोणत्याही घराने रिकामे पाठवले नव्हते. २० जानेवारी २०२४ रोजी रेडीच्या गणपतीपुढे हात जोडले आणि तेरेखोलच्या खाडीशी थांबलो.

‘त्रास नको’

आरंभी मी एका वाक्याकडे परत येण्याचे कबूल केले होते. ‘त्यांना उगाच त्रास नको.’ हे वाक्य आपण मध्यमवर्गीय मंडळी फार सभ्यपणे उच्चारतो. ते नेहमीच खोटे असते, असे नाही. ज्या घरात आजारपण आहे, जागेची अडचण आहे, तेथे ते खरेच असते. पण स्वतःला एकदा विचारून पाहावे : त्रास कोणाला नको आहे? त्यांना, की आपल्याला? दुसऱ्याच्या घरी गेले की आपल्या वेळा सोडाव्या लागतात, न्हाणीघर कसे आहे ते चालवून घ्यावे लागते, म्हाताऱ्या माणसांच्या त्याच त्या गोष्टी ऐकाव्या लागतात. हॉटेलात हे काही नसते. तेथे आपण पैसे दिले की मोकळे. अशा मोकळेपणाची आपल्याला इतकी गोडी लागली आहे की, सख्ख्या मित्राच्या दुःखातही आपण पैसे देऊन मोकळे होतो. मी झालो होतो, म्हणून सांगतो.

आपण सर्वांनी पाठीवर सॅक टाकून पाचशे किलोमीटर चालावे, असे माझे म्हणणे नाही. येत्या सुट्टीत आपण कोकणात, देशावर, विदर्भात जेथे जाल, त्या वाटेवर आपण पूर्वी कधी कोणाला ‘येतो’ म्हणालो आहोत काय, एवढे आठवून पाहावे. तेथे आधी कळवून, वेळ पाळून जावे. एक रात्र राहावे. आपले ताट आपण उचलावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसावे. आणि हे आजच्या सुट्टीत जमले तर पुढच्या सुट्टीवर टाकू नये. मी टाकले होते.

आंजर्ल्याच्या त्या वाडीतले माड आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. वहिनींचे परवाच कार्ड आले. एकाला पहिली पोय फुटण्याच्या बेतात आहे, असे लिहिले आहे. या महिनाअखेर मी तेथे जाणार आहे. येतो असे मी कळवले आहे.

आपली रजा घेतो. येतो.